दूरच्या संगणकाचा पडदा आणि भाताच्या पानाचा रंग



उरण तालुक्याच्या खारेपाटात भाताची लावणी आटोपली आणि श्रावणात पावसाने आठ-दहा दिवस उघडीप दिली की, शेतात कुठे ना कुठे पिवळेपणा दिसू लागतो. हा पिवळेपणा एकाच कारणाने येत नाही. नत्र कमी पडले तरी पान पिवळे होते आणि जस्त किंवा लोह कमी पडले तरीही होते. बांधाला खांड जाऊन किंवा उघाडी गळून खाडीचे पाणी आत आले असेल तर शेंडे करपतात आणि लांबून तेही पिवळेच दिसतात. प्रत्येकाचा उपाय मात्र वेगळा आहे. नत्राच्या कमतरतेला युरिया लागतो, तर क्षारांच्या त्रासाला पावसाचे गोडे पाणी शेतात घेऊन निचरा करावा लागतो. निदान चुकले तर युरियाचा खर्च पाण्यात जातो आणि फुटव्यांचे मोलाचे दिवसही हातचे जातात.

पूर्वी अशा वेळी शेतकरी रोप उपटून पिशवीत घालत असे आणि कृषि सहायकाला दाखवत असे. आता मोबाईलवर फोटो काढला जातो, तो गावातील सेवा केंद्राच्या किंवा घरच्या संगणकावर उघडला जातो, आणि दूर बसलेला जाणकार एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा विंडोजमधील रिमोट डेस्कटॉप यांसारख्या प्रोग्रॅमने तोच संगणक स्वतःच्या पडद्यावर पाहून सल्ला देतो. मुंबईत नोकरी करणारा मुलगा गावच्या घरातील संगणक याच रीतीने उघडतो. सोय चांगली आहे आणि ती जरूर वापरावी. परंतु दूरच्या पडद्यावर काय खरे दिसते आणि काय वाटेत गळून जाते, हे माहीत असले पाहिजे. शेतीच्या कामात नेमक्या गळणाऱ्या गोष्टींवरच पुष्कळ निर्णय अवलंबून असतात.

पडदा दूरवर कसा जातो?

संगणकाचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी होय. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. साध्या लॅपटॉपवर आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे एकूण १० लाख ४९ हजार ८८ ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवण्यास २४ बिट लागतात. हिशेब केला तर एका पडद्याचे सुमारे २ कोटी ५२ लाख बिट होतात. तुमची इंटरनेट जोडणी सेकंदाला २० लाख बिट, म्हणजे २ एमबीपीएस वेगाने चालत असेल, तर एकच पडदा जसाच्या तसा पाठवण्यास साडेबारा सेकंद लागतील. पान उलटायला एवढा वेळ लागला तर कोणी काम करणार नाही.

म्हणून हे प्रोग्रॅम काटकसर करतात. पहिली काटकसर निर्दोष आहे: पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवायचा. पत्र टंकताना एकेक अक्षर बदलते, त्यामुळे काम सुरळीत चालते. पण नकाशा सरकवला किंवा फोटो मोठा केला की सगळाच पडदा बदलतो. मग दुसरी काटकसर सुरू होते, ती म्हणजे रंग आणि बारकावे कमी करणे. चांगली जोडणी असलेल्या शहरात हे क्षणभर होते व पडदा पुन्हा स्वच्छ होतो. मोबाईलच्या एका-दोन रेघांवर चालणाऱ्या गावात तो बराच वेळ धूसर राहतो, आणि पाहणाऱ्याला तो धूसर आहे हे कळतेच असे नाही. माझ्या मते खरी अडचण हीच आहे. पडदा बंद पडला तर माणूस सावध होतो, पण थोडा बदललेला पडदा त्याला खराच वाटतो.

ही मर्यादा जुनी आहे. एका संगणकावरील काम दुसऱ्याच्या पडद्यावर दाखवण्याची एक्स विंडो ही पद्धत अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९८४ मध्ये सुरू झाली. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये टर्मिनल सर्व्हर आणला, त्यात फक्त २५६ रंग दिसत. २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर तेथे २४ बिटांचे रंग आले. म्हणजे सोय आज आहे, पण जोडणी मंद असली की प्रोग्रॅम स्वतःहून किंवा वापरणाऱ्याने निवडलेल्या ‘वेगाला प्राधान्य’ या पर्यायामुळे खालच्या पायरीवर उतरतो.

हिरव्या रंगाच्या पायऱ्या

२४ बिटांच्या रंगात लाल, हिरवा व निळा या प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या असतात. १६ बिटांवर आले की लाल व निळ्याच्या ३२ आणि हिरव्याच्या ६४ पायऱ्या उरतात. इथपर्यंत फारसे बिघडत नाही. परंतु व्हीएनसी प्रकारच्या काही प्रोग्रॅममध्ये मंद जोडणीसाठी ६४ रंगांचा पर्याय असतो. त्यात काळ्यापासून झगझगीत हिरव्यापर्यंत हिरव्याच्या अवघ्या चार पायऱ्या असतात. भाताचे फिकट पान आणि गर्द पान यांतला फरक मग पडद्यावर उमटेलच याची खात्री नाही.

याहून फसवी काटकसर वेगळी आहे. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातील फरक बारकाईने कळतो, रंगातील फरक तितका कळत नाही. याचा फायदा घेऊन चित्र दाबताना प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा ठेवतात, पण रंग मात्र शेजारच्या चार ठिपक्यांना मिळून एकच देतात. सिनेमा पाहताना हे लक्षातही येत नाही. पण जस्ताच्या कमतरतेत पानावर येणारे गंजासारखे तपकिरी ठिपके मुळातच बारीक असतात. फोटो पडद्यावर लहान करून पाहिला तर एक ठिपका पडद्याच्या एक-दोन पिक्सेलांत मावतो, आणि त्याचा तपकिरी रंग शेजारच्या हिरव्यात मिसळून जातो. पान केवळ मळकट दिसते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० व सर्व्हर २०१६ च्या वेळी प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग देण्याची सोय आपल्या रिमोट डेस्कटॉपमध्ये घातली. पूर्वीच्या पद्धतीत रंगीत अक्षरांच्या कडा फुटत, हे त्यामागचे एक कारण होते. ही सोय सर्व ठिकाणी चालू असते असे समजू नये.

पिवळेपणाचे निदान : काय टिकते, काय टिकत नाही

येथे थोडे थांबून नीट विचार करावा. पानाची रंगछटा दूरच्या पडद्यावर टिकत नाही आणि बारीक ठिपकेही टिकत नाहीत. परंतु पिवळेपणा कोठे आहे ही माहिती टिकते, आणि सुदैवाने निदानाला तिचाच अधिक उपयोग होतो.

नत्राच्या कमतरतेत खालची, जुनी पाने आधी पिवळी पडतात आणि पान सर्वत्र सारखेच फिकट होते. लोहाची कमतरता नव्या पानांवर दिसते, शिरा हिरव्या राहतात व मधला भाग पांढरट पडतो. राबात पाणी कमी पडले असता ती विशेष आढळते. जस्ताची कमतरता साधारणपणे लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत दिसते, रोपे खुजी राहतात. क्षारांच्या त्रासात पानांचे शेंडे पांढरट होऊन वाळतात, पाने गुंडाळतात, आणि शेतात तुकड्या-तुकड्यांनी रोपे मरतात. हे तुकडे बहुधा उघाडीजवळ, बांधालगत किंवा सखल जागी असतात, आणि जमीन सुकली की तेथे पांढरा थर दिसतो.

म्हणून एका पानाचा जवळून काढलेला फोटो पाठवून ‘काय झाले?’ असे विचारू नये. किमान तीन फोटो काढावेत. पहिला बांधावर उभे राहून संपूर्ण शेताचा. त्यात पिवळे तुकडे कोठे आहेत ते दिसावे, उघाडी कोणत्या बाजूला आहे ते सांगावे. दुसरा मुळांसकट उपटलेल्या एका रोपाचा, म्हणजे जुनी पाने पिवळी की नवी हे कळेल. तिसरा पानाचा जवळून. तिसरा फोटो काढताना पानाशेजारी पांढरा कोरा कागद ठेवावा. पडद्यावर कागद पिवळसर दिसला तर पानही तितकेच पिवळे दिसत आहे, हे पाहणाऱ्याला लगेच उमजते. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून मोबाईल व संगणकात पडदा पिवळसर करण्याची सोय असते. ती चालू ठेवून पाहिले तर तजेलदार भातही नत्राला भुकेला वाटेल. सल्ला देणाऱ्यानेही ती बंद केल्याची खात्री करावी. हा भाग आम्हा शिकवणाऱ्यांसाठीही आहे.

फोटो उन्हात काढू नये. शरीराची सावली पानावर पाडून काढावा.

फोटो दूरच्या पडद्यावर दाखवण्याऐवजी मूळ फाईलच पाठवावी. व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे फोटो पाठवला तर तोही दाबला जातो. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते. वेळ थोडा जास्त लागतो, पण जाणकार ती स्वतःच्या संगणकावर उघडून हवी तेवढी मोठी करू शकतो. दूरच्या पडद्यावर मोठी केलेली प्रतिमा ही पुन्हा दाबूनच येते, हे लक्षात ठेवावे.

नत्राचा निर्णय तर पडद्यावर सोडूच नये. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसारात आणलेला पानांच्या रंगाचा तक्ता शेतातच वापरावा. लावणीनंतर सुमारे दोन आठवड्यांपासून फुलोऱ्यापर्यंत दर सात ते दहा दिवसांनी, सकाळी ८ ते १० या वेळेत, दहा निरोगी रोपांचे सर्वांत वरचे पूर्ण उघडलेले पान तक्त्यावर धरून पाहावे. पान तोडू नये. दहापैकी सहा किंवा अधिक पाने आपल्या वाणासाठी सांगितलेल्या पायरीपेक्षा फिकट असतील तर नत्राचा हप्ता द्यावा. या पाहणीतून जो आकडा मिळतो तो कागदावर लिहून फोनवर सांगावा. ‘दहापैकी सात पाने फिकट’ हे वाक्य कोणत्याही मंद जोडणीतून जसेच्या तसे पोहोचते. क्षारांची शंका असेल तर मातीचा नमुना तपासून घ्यावा. संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असेल तर जमीन क्षारयुक्त समजतात. हाही आकडाच आहे, त्याचा रंग उडत नाही. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे खार जमिनीसाठीचे वाण लावले असले तरी ही तपासणी टाळू नये. क्षार सहन करणारा वाण म्हणजे क्षार न लागणारा वाण नव्हे.

सातबारा, नकाशा आणि एक टिंब

उरणच्या शेतकऱ्याला नकाशावरील एका रेषेची किंमत वेगळी सांगायला नको. नवी मुंबईसाठी झालेले भूसंपादन, जानेवारी १९८४ मधील जासईचे आंदोलन, त्यातील पाच हुतात्मे आणि पुढे साडेबारा टक्के भूखंडाचा प्रश्न या तालुक्याने पाहिला आहे. तेव्हा जमिनीची कागदपत्रे दूरच्या पडद्यावर पाहताना अधिकच जपावे.

केंद्रावरील संगणकाचा पडदा १९२० ठिपके रुंद असेल आणि तुमचा लॅपटॉप १३६६ ठिपक्यांचा असेल, तर दर दहा ओळी सात ओळींत बसवाव्या लागतात. काही प्रोग्रॅम हे काम करताना सरळ तीन ओळी गाळतात. एक ठिपका जाडीची बांधाची रेषा त्या गाळलेल्या ओळीत आली तर ती दिसतच नाही आणि दोन गट एकच वाटतात. तोच पडदा मोबाईल आडवा धरून साडेतेरा सेंटिमीटर रुंदीत पाहिला, तर १६ ठिपके उंचीचे अक्षर जेमतेम १.१ मिलिमीटरचे होते, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढे. त्यात देवनागरीचा अनुस्वार, रफार आणि आकड्यांमधील टिंब यांचे काय होईल? सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे टिंबे देऊन लिहिलेले असते. ०.२४.५० मधील एक टिंब पुसट झाले तर वाचणारा गोंधळतो. १ आणि ९ ही धूसर पडद्यावर एकमेकांसारखे दिसतात.

अशा वेळी प्रोग्रॅममधील ‘मूळ आकार’ हा पर्याय निवडावा. पडदा पूर्ण मावणार नाही, सरकवून पाहावे लागेल, पण ओळी गळणार नाहीत. त्याहून उत्तम म्हणजे डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा व नकाशा यांची पीडीएफ फाईलच मागवावी. पीडीएफ फाईलमधील अक्षरे मोठी केली तरी फुटत नाहीत.

वारणेचा अनुभव

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे १९९८ मध्ये ऊस उत्पादकांसाठी सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. कारखान्याकडील ऊस, खते यांची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी हा हेतू होता. पुढे २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी हे काम पाहिले. गावातील संगणकावर प्रत्यक्षात थोडेच आकडे पाहिले किंवा भरले जातात असे त्यांना आढळले. त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाईल व एसएमएस वापरून तेच काम करून दाखवले. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. वर हिशेब केलेल्या एका पडद्याचे ३१ लाखांहून अधिक बाइट होतात. देवनागरीत लिहिले तर एसएमएसमध्ये ७० अक्षरेच बसतात, पण उसाचे वजन आणि तारीख सांगायला ती पुरतात. आपल्या विकास सोसायट्यांनीही सभासदाला पडदा दाखवण्यापूर्वी हा विचार करावा असे मला वाटते. ज्याला बाकी किती हे पाहायचे आहे त्याला संपूर्ण हिशेबाचा प्रोग्रॅम कशाला?

आणखी काही अडचणी

माऊसने बटण दाबले आणि काही झाले नाही, असे मंद जोडणीत वारंवार होते. डिश अँटेनाची उपग्रह जोडणी असेल तर संदेश सुमारे ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली येतो आणि उत्तरही त्याच वाटेने येते. यातच जवळजवळ अर्धा सेकंद जातो. घाईने दुसऱ्यांदा बटण दाबले तर नोंद दोनदा होऊ शकते. पैशाची किंवा खताच्या मागणीची नोंद करताना पडदा बदलेपर्यंत हात आवरावा.

जुन्या प्रोग्रॅममधील खिडकी लहान पडद्यावर मावत नाही आणि तिचे ‘ओके’ बटण खाली दिसेनासे होते. तेव्हा टॅब कळ दाबत जावे व एंटर दाबावे.

जुन्या मराठी फाईली पुष्कळदा युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. दूरच्या पडद्यावर त्या नीट दिसतात, कारण अक्षरे तिकडच्या संगणकावर काढून त्यांचे चित्र आपल्याकडे येते. पण तोच मजकूर कॉपी करून आपल्या संगणकावर उतरवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. फाईल खराब झाली असे समजून ती पुसून टाकू नये. तोच फॉन्ट आपल्या संगणकावर बसवावा किंवा तिकडूनच पीडीएफ करून मागवावी.

घरच्या संगणकाचा मॉनिटर काढून ठेवला असेल तर दुरून जोडणी केल्यावर काळा किंवा अगदी लहान पडदा येण्याची शक्यता असते. मॉनिटर जोडलेला आहे असे संगणकाला भासवणारा छोटा प्लग बाजारात मिळतो, तो लावला की काम होते. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने जोडले असता गावच्या घरात बसलेल्या माणसाला पडदा कुलूपबंद दिसतो. वडिलांना दाखवत दाखवत काम शिकवायचे असेल तर दोघांनाही एकच पडदा दिसेल असा प्रोग्रॅम घ्यावा.

शेवटची सूचना या पडद्याच्या उलट बाजूची आहे. तुम्हाला दूरचा पडदा दिसतो त्याचप्रमाणे, परवानगी दिली की, दूरच्या माणसाला तुमचा पडदा दिसतो, आणि तुमच्या मोबाईलवर आलेला ओटीपीही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कचा वापर करून होणाऱ्या फसवणुकीबाबत बँकांना सावध केले होते. अनुदान जमा करून देतो, पीक विम्याची नोंद दुरुस्त करतो असे सांगून कोणी असा प्रोग्रॅम मोबाईलवर घ्यायला लावला आणि त्यातील नऊ-दहा आकडी क्रमांक विचारला, तर तो सांगू नये. पानाचा फोटो पाहायला कोणालाही हा क्रमांक लागत नाही. क्रमांक आधीच सांगितला गेला असेल तर प्रथम मोबाईलचे इंटरनेट बंद करावे, तो प्रोग्रॅम काढून टाकावा, बँकेला कळवावे आणि सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.